स्टिअरिंग जड झाले तर तपासणी कोठून सुरू करावी?

सकाळी गाडी पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग एकाएकी जड लागते, मीटरवर स्टिअरिंगच्या चित्राशेजारी उद्गारचिन्ह असलेला दिवा पेटतो आणि गॅरेजमध्ये पोहोचताच ‘पूर्ण कॉलम बदलावा लागेल’ हे वाक्य कानी पडते. कॉलम, म्हणजे स्टिअरिंगला खालच्या यंत्रणेशी जोडणारा दांड्याचा संच, खरोखरच बिघडू शकतो. पण तो महागडा भाग असल्यामुळे तपासणीच्या यादीत त्याचा क्रमांक शेवटचा असावा. त्याआधीच्या बऱ्याच गोष्टी टायरचा हवामापक, मल्टिमीटर आणि थोडा वेळ हाताशी असेल तर घरीच पाहता येतात.

आपल्याकडील बहुतेक छोट्या गाड्यांत मदत करणारी विजेची मोटर डॅशबोर्डखाली, कॉलमलाच जोडलेली असते. आपण स्टिअरिंग फिरवले की आतील एक बारीक दांडा किंचित पिळला जातो, तो पीळ टॉर्क सेन्सर मोजतो आणि गाडीचा वेग विचारात घेऊन कंट्रोल युनिट मोटरला किती जोर लावायचा ते सांगते. या रचनेत तेल नसते, त्यामुळे ‘पॉवर स्टिअरिंगचे ऑइल संपले असेल’ हा सल्ला येथे गैरलागू आहे. मोटर बंद पडली तरी चाकांशी असलेली यांत्रिक जोडणी कायम राहते. म्हणून धावत्या गाडीत असे घडल्यास घाबरून न जाता दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरावे, वेग कमी करावा आणि गाडी कडेला घ्यावी.

प्रथम दिव्याकडे पाहावे. किल्ली फिरवल्यावर तो लागणे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझणे ही योग्य स्थिती होय. अरुंद जागेत गाडी लावताना स्टिअरिंग वारंवार शेवटपर्यंत वळवून तसेच दाबून धरले असेल, तर मोटर तापू नये म्हणून यंत्रणा स्वतःच मदत कमी करते. काही वेळ विश्रांती दिल्यावर ती पूर्ववत होत असेल तर तो बिघाड नव्हे.

दिवा विझलेला आणि तरीही स्टिअरिंग जड, असे असेल तर विजेच्या मागे लागण्याआधी पुढच्या टायरमधील हवा मोजावी. योग्य आकडा सहसा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेला असतो. हवा बरोबर असल्यास गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर पक्का टेकवावा आणि इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंगचे कुलूप उघडे राहील अशा स्थितीत किल्ली ठेवून स्टिअरिंग फिरवून पाहावे. ते मध्येच अडकत असेल तर दोष बॉल जॉइंट, शॉकअपच्या वरचे बेअरिंग किंवा कॉलमखालचा क्रॉस जॉइंट यांत शोधावा.

दिवा मात्र पेटलेलाच राहत असेल, तर सर्वांत जास्त वेळ बॅटरीपाशी द्यावा. जागच्या जागी स्टिअरिंग वळवताना ही मोटर दहा अँपिअरच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्यामुळे एरवी इंजिन नीट सुरू करणारी बॅटरीदेखील येथे कमी पडू शकते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ च्या खाली असतील तर ती चार्ज करून पुन्हा तपासावी. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत, अन्यथा अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारे यंत्र) आणि त्याचा पट्टा पाहावा. (नव्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमीजास्त केले जाते; तेथे हेडलाइट लावून मोजावे.)

यानंतरची चाचणी गॅरेजमध्ये क्वचितच केली जाते. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी बॉडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर ठेवावी आणि इंजिन चालू असताना दुसऱ्या कोणाला तरी स्टिअरिंग जोराने वळवायला सांगावे. आकडा ०.२ व्होल्टच्या बराच वर गेला तर अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडणाऱ्या तारेच्या जोडणीत, अडथळा आहे. माझ्या गाडीत एका पावसाळ्यानंतर तो ०.९ पर्यंत जात होता. बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थिंगचा बोल्ट वरून घट्ट दिसत होता. पण काढल्यावर त्याच्या वायसरखाली गंजाचा तपकिरी थर आणि तारेच्या टोकावर हिरवी भुकटी निघाली. पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करून बोल्ट पुन्हा आवळला आणि ज्या कॉलमचे कोटेशन हाती आले होते, तोच कॉलम आजही त्या गाडीत आहे.

स्टिअरिंगचा फ्यूज बहुधा बॉनेटखालच्या पेटीत असतो. तो जळला असल्यास त्याच क्षमतेचा नवा बसवावा, आणि तोही लगेच उडाला तर मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते.

येथवर काही सापडले नाही तर गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा. स्वस्त स्कॅनर बहुतेकदा केवळ इंजिनचे कोड वाचतात. स्टिअरिंगचे कोड सामान्यतः ‘सी’ने सुरू होतात आणि त्यासाठी त्या गाडीचे स्टिअरिंग युनिट वाचणारा स्कॅनर लागतो. कोड पुसण्याआधी लिहून ठेवावा. एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही सोबत लागला असेल तर चाकाजवळचा वेगाचा सेन्सर आधी तपासावा. कोड टॉर्क सेन्सरचा असला, तरी कॉलमकडे जाणारे कनेक्टर सुटे करून त्यांत ओल किंवा वाकलेली पिन आहे का, हे पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

खराब रस्त्यावर कॉलममधून टकटक आवाज येत असेल, पण स्टिअरिंग हलकेच असेल, तर काही गाड्यांत मोटर आणि गिअर यांच्यामधली रबरी कपलिंग झिजलेली आढळते. भाग लहान आणि स्वस्त असतो, मात्र तो बदलण्यासाठी कॉलम उतरवावा लागतो आणि स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असल्यामुळे हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. त्याने बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबल्यावरच एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावला पाहिजे. काम झाल्यावर सेन्सरचे कॅलिब्रेशन (स्टिअरिंगची सरळ स्थिती त्याला नव्याने ओळखायला लावणे) केल्याची खात्री करून घ्यावी. ते राहिले तर अलाइनमेंट अचूक असूनही सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढत राहू शकते.