गाडी ठोकली, पण चूक कोणाची? हे ठरवताना या चुका टाळा

मुंबईत दोन गाड्या एकमेकींना लागल्या की पहिली दोन मिनिटं आवाज चढवण्यात जातात. मग मागचे हॉर्न वाजवू लागतात आणि पाचव्या मिनिटाला कोणीतरी ‘आधी गाड्या बाजूला घ्या’ म्हणून ओरडतं. गाड्या बाजूला होतात आणि पुरावाही तिथेच संपतो. पुढे विमा कंपनीसमोर, पोलीस ठाण्यात किंवा न्यायाधिकरणात उरतात त्या फक्त दोघांच्या दोन गोष्टी.

धडक कोणी दिली आणि चूक कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा पत्र्यावर मिळतं. दुसऱ्यासाठी थांबायचं कोणाला होतं, आधी जायचा हक्क कोणाचा होता आणि टाळणं कोणाच्या हातात होतं, हे बघावं लागतं. खालच्या बऱ्याचशा चुका हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होतात.

‘मागून ठोकली म्हणजे मागच्याचीच चूक’

बहुतेक वेळा हे खरं असतं. पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवणं हे मागच्याचं काम आहे. ‘पुरेसं’ म्हणजे किती, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात ढोबळ माप दिलं आहे: चांगल्या परिस्थितीत किमान दोन ते तीन सेकंद. ताशी ४० किमी वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे अंतर हवं २२ ते ३३ मीटर. (वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर एवढी जागा सोडली तर त्यात दोन रिक्षा आणि एक बाइक येऊन बसतात, हे मान्य. पण ही सबब कुठे चालत नाही.)

तरीही याला अपवाद आहेत. पुढची गाडी उड्डाणपुलाच्या चढावर मागे घसरली असेल, रिव्हर्स घेत असेल, तिचे ब्रेकलाइट बंद असतील, किंवा ती आत्ताच कट मारून पुढे आली असेल, तर हिशेब बदलतो. कारण नसताना वाहत्या रस्त्यात अचानक थांबणंही चूकच धरली जाते. २०२५ च्या एका प्रकरणात हायवेवर इशारा न देता ब्रेक मारणाऱ्या कारचालकावर सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्के जबाबदारी टाकली. त्या कारला मागून आदळलेल्या मोटरसायकलस्वारावर २० टक्के आली आणि पडलेल्या स्वारावरून गेलेल्या बसवर ३० टक्के.

मागे घसरली की मागून ठोकली, हे पत्रा सांगतो. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक काही सेंटीमीटर खाली जातं. त्यामुळे मागून ब्रेक मारत आदळलेल्या गाडीच्या खुणा पुढच्या गाडीवर नेहमीपेक्षा खालच्या पातळीवर उमटतात आणि तिचं बॉनेट पुढच्या बंपरखाली घुसू पाहतं. पुढची गाडी हळूच मागे घसरली असेल तर दोन्ही बंपर आपापल्या मूळ उंचीवर भेटतात. रंग खरवडला जातो, नंबरप्लेटचा ठसा उमटतो, पण आतला रेडिएटर सहसा शाबूत राहतो. म्हणून दोन्ही बंपरवरच्या खुणांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून फोटो घ्या. टेप नसेल तर शेजारी ए-फोर कागद उभा धरा. त्याची उंची २९.७ सेमी असते, त्यावरून माप काढता येतं.

तीन गाड्या लागोपाठ आदळल्या तर मधल्यावर दोन्हीकडून खापर फुटतं. तिथे विचारायचा प्रश्न एकच: सर्वांत पुढच्या गाडीतल्या लोकांना धक्के किती बसले? एकच धक्का म्हणजे मधली थांबलेली होती आणि तिसरीने तिला पुढे ढकललं. दोन धक्के म्हणजे आधी मधली स्वतः आदळली, मग तिसरी तिच्यावर आली. मधल्या गाडीचं पुढचं नुकसान मागच्यापेक्षा जास्त असेल तर ती ढकलली गेली, हा दावा कच्चा पडतो. पुढच्या गाडीतल्या लोकांचं म्हणणं तिथल्या तिथे फोनवर रेकॉर्ड करून घ्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या आठवणी वकिलाच्या सोयीच्या होतात.

ओरखडे आहेत, पण दिशा कोणी वाचत नाही

‘तो माझ्यावर आला’ आणि ‘नाही, हाच कट मारत होता’ हा मुंबईतला रोजचा वाद. एकाच दिशेने जाणाऱ्या दोन गाड्या घासल्या तर जिचा वेग जास्त तिच्यावरचे ओरखडे पुढून मागे जातात आणि हळू किंवा उभ्या गाडीवरचे मागून पुढे. दिशा ओळखायला दारांच्या फटी बघा. ओरखडा पुढून मागे गेला असेल तर मागच्या दाराची पुढची कड उचकटलेली दिसते. उलटा गेला असेल तर पुढच्या दाराची मागची कड. शिवाय खरवडलेला रंग आणि प्लास्टिकची साल जिथे ओरखडा संपतो तिथे साचते.

लेन बदलताना झालेल्या धडकेत जागा बोलते. तुमच्या गाडीचं डावं मागचं दार किंवा मागचा कोपरा आणि दुसऱ्याचा उजवा पुढचा कोपरा, अशी जोडी जुळत असेल, तर तुम्ही उजवीकडून त्याच्या लेनमध्ये शिरत होतात आणि शिरणं पूर्ण झालं नव्हतं, असाच अर्थ निघतो. धडक सरळ मागच्या बंपरवर पूर्ण रुंदीने बसली असेल तर तुम्ही आधीपासून लेनमध्ये होतात, हे म्हणणं टिकतं.

चाकंही बघा. फिरत्या टायरने घासलेल्या काळ्या खुणा वळणदार असतात, त्यावरून ती गाडी उभी नव्हती हे कळतं. जुन्या पद्धतीच्या बल्बची गाडी असेल तर फुटलेला इंडिकेटर फेकू नका. धडकेच्या क्षणी पेटलेल्या बल्बची तार गरम असल्याने ताणून वाकते, थंड असलेली तार सहसा तशीच राहते किंवा ठिसूळ मोडते. ‘इंडिकेटर दिलाच नव्हता’ या आरोपाला एवढंसं उत्तर पुरतं. एलईडीत मात्र तार नसते, तिथे हे तंत्र बाद.

टायरच्या खुणांवरून भलताच वेग काढणं

चाकं लॉक होऊन घसरल्याची खूण २० मीटर असेल तर वेग (ताशी किमी) साधारण √(२५४ × घर्षण × लांबी मीटरमध्ये) या सूत्राने निघतो; घर्षण म्हणजे रस्ता टायरला किती पकडतो याचा आकडा. कोरड्या डांबरावर घर्षण ०.७ धरलं तर ताशी जवळपास ६० किमी येतात. पावसात ०.४ धरलं तर ४५. पाऊस होता की नव्हता, एवढ्या एका गोष्टीने उत्तर १५ किमीने हललं. ही आकडेमोडही किमान वेगाची आहे, कारण खुणा संपल्या तिथे गाडी थांबली नसेल तर आदळताना उरलेला वेग यात येत नाही. एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीच्या अशा खुणा क्वचितच दिसतात, त्यामुळे ‘रस्त्यावर खूण नाही म्हणजे ब्रेकच मारला नाही’ असं म्हणणं चूक.

फोटो फक्त डेंटचे

विम्याच्या अॅपला डेंट हवा असतो, चूक ठरवायला रस्ता हवा असतो. कोणी जखमी असेल तर आधी १०८, मग ११२, फोटो नंतर. जखमी नसेल तर गाड्या हलवण्याआधी दीड मिनिट घ्या. प्रत्येक कोपऱ्यातून सहा-सात पावलांवरून एकेक फोटो, लेनच्या पट्ट्या आणि दुभाजक दिसतील असा. पुढच्या चाकांची वळलेली दिशा. सिग्नल, झाकलेले फलक, खड्डे, मेट्रोच्या कामाचे पत्रे. दोन्ही नंबरप्लेट. शेवटी गाड्यांभोवती चालत वीस सेकंदांचा व्हिडिओ.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे रस्त्यावर पडलेला चिखल. धडकेचा झटका बसला की चाकांच्या वरच्या पोकळीत साठलेली माती तिथेच खाली झडते. काचा पुढे उडतात, गाड्या घसरत जातात, पण मातीचा तो ढेकूळ प्रत्यक्ष धडकेच्या जागेजवळ राहतो. पांढऱ्या पट्टीच्या कोणत्या बाजूला तो आहे, यावर अख्खं प्रकरण फिरू शकतं. पावसाळ्यात तो दहा मिनिटांत वाहून जातो.

हे झालं की गाडी डावीकडे घ्या. फ्रीवेवर किंवा सी लिंकवर गाडीमागे उभं राहून वाद घालणं म्हणजे दुसऱ्या अपघाताला आमंत्रण.

सिग्नल नसलेल्या चौकात ‘मी आधी आलो’

आधी कोण आलं, याने फारसं ठरत नाही. गल्लीतून किंवा सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरच्याला वाट द्यायची. दोन्ही रस्ते सारखे असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. गोल चक्करमध्ये आत असलेल्याचा हक्क आधी. माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानाला वळसा घालताना सिग्नल बंद असला तर हा नियम आठवा. उजवीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला जाऊ द्यायचं. टॅक्सीचं दार उघडताना मागून येणाऱ्या बाइकवाल्याला लागलं तर बाइक ‘फार डावीकडून’ होती, हा बचाव दुबळा.

पण हक्क आहे म्हणून डोळे मिटून घुसायची मुभा मिळत नाही. समोरचा चुकतोय हे दिसत असून ब्रेकला पाय लावला नाही, तर थोडी टक्केवारी तुमच्याही वाट्याला येते.

कागद पूर्ण नाहीत म्हणून चूक त्याचीच

लायसन्स नाही, पीयूसी संपलेली, बाइकवर तिघं: यासाठी दंड होईल, विमा अडेल, पण अपघाताची चूक आपोआप त्याच्याकडे जात नाही. लायसन्स नसणं हाच निष्काळजीपणा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलं. तिघं बसल्याचा अपघाताशी संबंध दाखवता आला तरच ते सहदोष, असं २०२० मध्ये. नियम मोडला आणि त्यामुळे धडक झाली, या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात.

रस्त्यावरची मांडवली

पाच हजारांत मिटवणं किरकोळ ओरखड्याला ठीक. पण बंपरच्या आत काय मोडलंय हे गॅरेजमध्ये तो उघडल्यावरच कळतं, आणि मानेचं दुखणं बहुधा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. कोणाला लागलं असेल तर मांडवली करूच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना जास्तीत जास्त २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे.

‘माझी चूक’ असं लिहून देऊ नका, समोरच्यालाही जबरदस्तीने लिहायला लावू नका. लिहायचं ते एवढंच: वेळ, जागा, कोणती लेन, सिग्नलचा रंग, कोण कुठून आलं. वेगाचा अंदाज पक्का नसेल तर आकडा टाकू नका. जबाबात ‘साधारण ५०’ असं लिहिलेलं पुढे खोडता येत नाही.

तीन ठिकाणची तीन उत्तरं एकच समजणं

स्वतःच्या पूर्ण विम्यातून दुरुस्ती घेताना चूक कोणाची याला फारसं महत्त्व नसतं. इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर सक्तीचे १००० रुपये आणि त्याहून मोठं असेल तर २००० रुपये खिशातून जातात, आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. तो बोनस २० ते ५० टक्क्यांपर्यंत असतो, त्यामुळे लहान डेंटिंग-पेंटिंगला क्लेम करण्याआधी हिशेब करा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर तुमच्या गाडीचं नुकसान समोरच्याकडूनच मागावं लागतं आणि तिथे चूक सिद्ध करणं आलंच.

पोलीस बघतात ते फौजदारी बाजूने: भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणं), दुखापतीला १२५, मृत्यूला १०६. आरोपपत्र तुमच्यावर आलं म्हणजे नुकसानभरपाईची चूकही शंभर टक्के तुमची, असं नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण स्वतंत्रपणे टक्केवारी ठरवतं. उलट फौजदारीत सुटलात तरी तिथे जबाबदार धरले जाऊ शकता. गाडीत बसलेल्या प्रवाशाची काही चूक नसेल तर दोन्ही चालकांच्या भांडणात अडकायची गरज नाही. तो पूर्ण भरपाई कोणा एकाकडूनही मागू शकतो. दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, ती पाळा. कलम १६४ खाली तर चूक सिद्ध न करताही मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात.

हद्दीचा प्रश्न काढून एका ठाण्यातून दुसऱ्यात पाठवलं तर झिरो एफआयआर मागा. दखलपात्र गुन्ह्यात हद्द नसली तरी नोंद घ्यावीच लागते.

सीसीटीव्ही ‘नंतर बघू’

सोसायटीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) जुन्यावर नवं रेकॉर्ड करत जातो. काही ठिकाणी आठवड्यातच फुटेज पुसलं जातं. त्याच दिवशी सेक्रेटरीला आणि कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाला लेखी पत्र द्या, पोच घ्या. चौकातल्या पोलिसांच्या कॅमेऱ्यांसाठी तपास अधिकाऱ्याला कॅमेऱ्याची जागा आणि वेळ लिहून द्या. व्हॉट्सअॅपवरून आलेली क्लिप दाबून लहान झालेली असते, म्हणून मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. न्यायालयात ती टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास कोड) नोंदवलेलं प्रमाणपत्र लागतं. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे, तेही तेव्हाच मोबाइलशी ताडून लिहा. डॅशकॅमचं कार्ड मात्र लगेच काढून ठेवा, नाहीतर घरी पोचेपर्यंत त्याच्यावर नवं रेकॉर्ड चढतं.

आणि गॅरेजवाल्याला सांगून ठेवा: विमा कंपनीचा सर्व्हेयर येऊन जाईपर्यंत, आणि गुन्हा नोंदलेला असेल तर आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक ब्रेक-स्टिअरिंग तपासेपर्यंत, काहीही खोलायचं नाही. बदललेला बंपर, दिवा, दाराचा पत्रा भंगारात न देता नंबर टाकून बाजूला ठेवायला लावा.