न्यू जर्सीत तान्ह्या बाळासह भाड्याचं घर घेताय? आधी घराचं वय विचारा

दर उन्हाळ्यात इथे नवी मराठी कुटुंबं येतात आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. शाळा कशी आहे, पाथचं (न्यूयॉर्कला जाणाऱ्या लोकलचं) स्टेशन चालत किती, भाडं किती, भारतीय किराणा कुठे. घर कोणत्या साली बांधलं हे कुणी विचारत नाही. घरात सहा वर्षांच्या आतलं मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर माझ्या मते हाच पहिला प्रश्न. १९७८ च्या आधीचं घर असेल तर रंगात शिसं, म्हणजे मुलांच्या लक्ष लागण्यावर आणि शिकण्यावर परिणाम करणारा विषारी धातू, असू शकतं असं समजूनच पाऊल टाका. १९५० च्या आधीचं असेल तर शंका घेण्यातही वेळ घालवू नका, असणारच असं धरा. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरच्या आसपासची आणि हाइट्समधली, शेजारच्या होबोकनची उंच छताची, लाकडी जिन्याची देखणी घरं बहुतेक याच वर्गातली. एडिसन-इझलिनकडची जुनी गार्डन अपार्टमेंट्सही बरीचशी १९७८ च्या अलीकडची नाहीत.

हा देश कायदे करतो, पण फार उशिरा. घरातल्या रंगकामात पांढरं शिसं वापरू नये म्हणून १९२१ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात अमेरिका नव्हती. न्यूयॉर्क शहराने १९६० मध्ये घरांपुरती बंदी घातली, देशाने १९७८ मध्ये. पेट्रोलचंही तेच. टर्नपाइक महामार्गावरून लिंडनजवळ जाताना जी रिफायनरी दिसते त्या बेवे भागात १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये पेट्रोलमध्ये घालायचं शिसं बनवताना पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर देशभर पूर्ण बंदी आली ती १९९६ च्या जानेवारीत. मधल्या सत्तर वर्षांत काय धूर निघाला असेल त्याचा विचार करा. पण एकदा कायदा झाला की कागद मात्र चोख असतात, आणि ते मागण्याचा हक्क भाडेकरूला असतो. आपले लोक ते मागत नाहीत.

पहिला कागद केंद्र सरकारचा. १९७८ च्या आधीचं घर भाड्याने देताना किंवा विकताना, तुम्ही सही करायच्या आधी, मालकाने शिशाबद्दल त्याला जे माहीत आहे ते लेखी द्यायचं असतं आणि सोबत सरकारी माहितीपुस्तिका द्यायची असते. घर विकत घेत असाल तर स्वतःच्या खर्चाने तपासणी करून घ्यायला दहा दिवस मिळतात. ब्रोकर 'घाई करा, दुसरी ऑफर आहे' म्हणतो आणि लोक या दहा दिवसांवर पाणी सोडतात. त्या कागदावर बहुतेक मालक 'मला काही माहिती नाही' या चौकटीत खूण करतात. याचा अर्थ घर शुद्ध आहे असा नाही, कुणी तपासलंच नाही असा आहे.

दुसरा कागद राज्याचा, आणि तो जास्त कामाचा. न्यू जर्सीने २०२१ मध्ये कायदा केला, तो जुलै २०२२ पासून लागू झाला. काही अपवाद सोडले तर १९७८ च्या आधीच्या प्रत्येक भाड्याच्या घराची शिशासाठी तपासणी व्हायला हवी. पहिली तपासणी जुलै २०२४ पर्यंत व्हायची होती, पुढे दर तीन वर्षांनी किंवा भाडेकरू बदलला की. त्यातून मिळणारं 'लेड-सेफ' (शिशापासून सुरक्षित) प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं आणि त्याची प्रत लीजसोबत नव्या भाडेकरूला द्यायची असते. तुम्हाला दिली नसेल तर मागा. टाळाटाळ झाली तर नगरपालिकेत फोन करा. आणि प्रत हातात आली तरी ती वाचा, कारण सगळ्या गावांत तपासणी सारखी होत नाही. जिथे मुलांच्या रक्तात शिसं सापडण्याचं प्रमाण जास्त आहे तिथे धूळ पुसून लॅबला पाठवतात, बाकी गावांत तपासनीस नुसत्या डोळ्यांनी रंग बघून जातो.

ब्रोकरबद्दल एक ओळ. 'लहान मूल आहे ना, मग हे घर तुमच्यासाठी नाही' असं कुणी म्हणालं, तर मालक स्वतः राहतो अशी काही छोटी घरं सोडता ते बेकायदेशीर आहे, १९८८ पासून. असं म्हणणारे बरेचदा आपलेच देशी भाऊ असतात.

आता जे मी प्रत्येक नव्या कुटुंबाला सांगते आणि तरी दर वर्षी कुणी ना कुणी करतंच, ते: जुन्या घराचा रंग स्वतः खरवडू नका. एक ओळखीचं जोडपं, दोघंही शिकलेले, हुशार. दिवाळीच्या आधी घर लखलखीत करायचं म्हणून नवऱ्याने एका शनिवारी-रविवारी सगळ्या खिडक्यांच्या चौकटी सँडपेपरने घासून काढल्या. मालक खूश, फुकटात रंगकाम. घरात दीड वर्षाचा रांगता-चालता मुलगा. घासलेला भुगा झाडूने गोळा केला, म्हणजे निम्मा हवेत उडवला. बाळाच्या पुढच्या रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनी रिपोर्ट पाठवायची वाट न बघता स्वतः फोन केला. मग दर थोड्या दिवसांनी बाळाच्या हातातून रक्त, घरी हेल्थ डिपार्टमेंटचे लोक, काही आठवडे हॉटेल, गाद्या-गालिचे फेकून दिले, लीज मोडली, डिपॉझिटचं भांडण. पैसे हजारांत गेले आणि त्या आईची झोप किती गेली ते विचारू नका.

शिशाचा रंग भिंतीवर अखंड, चिकटून बसलेला असतो तोवर तो फारसा त्रास देत नाही. त्रास होतो पोपड्यांचा आणि त्याहून जास्त धुळीचा. वरखाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्या प्रत्येक वेळी उघडताना चौकटीवर घासतात आणि खळीत बारीक भुकटी साठते. बाळ खिडकीला धरून उभं राहतं, तोच हात तोंडात जातो. जिन्याचे कठडे, दारांच्या कडा, जुने रेडिएटर, बाहेरचा पोर्च, घराच्या कडेची माती, सगळीकडे हेच. म्हणून घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघरातला ग्रॅनाइट नंतर बघा, आधी प्रत्येक खिडकी उघडून खळीत बोट फिरवा, आणि मग हात धुवा.

मालकाला दुरुस्ती करायला लावा, आणि करणारा माणूस प्रमाणित हवा. २०१० पासून नियम आहे: जुन्या घरात एका खोलीत सहा चौरस फुटांपेक्षा जास्त रंगाला हात लावणारा पगारी कारागीर 'लेड-सेफ' प्रशिक्षण घेतलेल्या कंपनीचाच हवा. प्लास्टिक लावून खोली बंद करणं, रंग ओला करून काढणं, शेवटी नीट पुसून खात्री करणं, हे तो करतो. रोख पैशांत काम करणारा आपल्या ओळखीचा हँडीमन यातलं काही करत नाही. तक्रार केली म्हणून मालक सूडाने घराबाहेर काढू शकत नाही, या राज्यात भाडेकरूंचे कायदे कडक आहेत.

रोजचं काम सोपं आहे. झाडू नको, ओलं फडकं आणि ओला मॉप. साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागच्या बाजूने परत बाहेर सोडतो, हेपा फिल्टरचा चालेल. बूट दाराशी काढायची आपली सवय इथे खरोखर कामाची आहे. बाळाचा पाळणा जुन्या खिडकीखाली ठेवू नका.

रक्ततपासणी. न्यू जर्सीत कायद्यानेच प्रत्येक मुलाची एक आणि दोन वर्षांच्या सुमारास शिशाची तपासणी व्हायला हवी, आणि सहा वर्षांच्या आतल्या ज्या मुलाची कधीच झालेली नाही त्याचीही. भारतातून साडेतीन वर्षांचं मूल घेऊन आलात तर डॉक्टरांना बहुधा लक्षात राहत नाही, तुम्ही म्हणा. विम्यात बसते. विमा नसेल तर गावच्या हेल्थ डिपार्टमेंटला विचारा. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात आकडा जास्त आला तर लगेच हातपाय गाळू नका, त्वचेवरच्या धुळीनेही तो चढतो. शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. केंद्राच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२१ पासून आकडा जास्त मानण्यासाठी धरलेली रेघ ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर अशी आहे. १९९१ मध्ये ती १० होती, २०१२ मध्ये ५ झाली. रेघ खाली सरकते आहे, कारण सुरक्षित अशी पातळी सापडलेलीच नाही. लक्षणांची वाट बघू नका, बहुतेक मुलांना काहीच दिसत नाही, परिणाम होतो तो लक्ष लागण्यावर आणि शिकण्यावर. औषध देऊन शिसं काढायचं ते साधारण ४५ च्या पुढे. त्याखाली उपाय एकच, कुठून येतंय ते शोधून बंद करणं. शरीरात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, तेव्हा पोराच्या पोटात डाळी, नाचणी, पालेभाजी आणि वर लिंबू जाऊ द्या.

आकडा वर गेला तर हेल्थ डिपार्टमेंटची नर्स फोन करते, घरी येते. काही जण दार उघडत नाहीत, व्हिसावर डाग लागेल म्हणून. त्याचा इमिग्रेशनशी काही संबंध नाही. ती बाई तुमच्या बाजूची आहे, चहा द्या. माझी तक्रार वेगळी आहे: ही सगळी यंत्रणा नीट हलते ती बाळाच्या रक्तात आकडा दिसल्यावर. त्याआधीचं काम आई-बापाचंच.

पाणी. शिशाच्या नळावर देशभर बंदी १९८६ मध्ये आली, त्याआधीचे अनेक नळ अजून जमिनीत आहेत. नेवार्कमध्ये हे प्रकरण इतकं चिघळलं की २०१९ मध्ये लोकांना पाण्याच्या बाटल्या वाटाव्या लागल्या. मग शहराने तीन वर्षांच्या आत तेवीस हजारांच्या आसपास नळ घरमालकांकडून पैसा न घेता बदलले. मनात आणलं तर सरकारला जमतं हे मी तिथे पाहिलं. बाकी राज्याला २०३१ ची मुदत आहे. बेसमेंटमध्ये मीटरकडे येणारा नळ नाण्याने हलकेच खरवडून बघा. धातू मऊ, चंदेरी चमकणारा आणि लोहचुंबक न चिकटणारा असेल तर पाणी कंपनीला कळवा. आणि आपल्या लोकांची ठाम समजूत असते की उकळलं की पाणी शुद्ध. जंतू मरतात, शिसं जात नाही, उलट पाणी आटून ते जास्त दाट होतं. बाळाचं दूध कालवायला नळाचं गरम पाणी कधीही घेऊ नका. थंड पाणी, आधी काही मिनिटं सोडलेलं, आणि शिशासाठी प्रमाणित (एनएसएफ ५३) फिल्टरमधून.

आता आपल्याच बॅगेतलं, भारतातून येणारं: शेंदूर, काजळ, औषधं, हळद, भांडी. इथे लोक चिडतात, 'आमच्या आजीने लावलं, आम्हाला काय झालं?' भारतात २००० सालापर्यंत शिशाचं पेट्रोल जळत होतं आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या रक्तात किती होतं ते कुणी मोजलं नाही, म्हणून काय झालं ते माहीत नाही. रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीच्या आणि भारतातल्या दुकानांतलं सिंदूर तपासलं, २०१७ मध्ये निष्कर्ष छापले: बहुतेक नमुन्यांत थोडंफार शिसं, त्यातले काही अमेरिकी मर्यादेच्या वर. देवघरातला शेंदूर बाळाच्या हाताला लागू देऊ नका. डोळ्यांत काजळ-सुरमा घालणं तर नकोच, तीट लावायची हौस घरच्या दिव्याच्या काजळीवर भागवा. रसशास्त्राच्या (धातू-खनिजांपासून केलेल्या) भस्मांबद्दल मी वाद घालत नाही, गरोदर बाईने आणि मुलांनी घेऊ नयेत एवढंच. न्यूयॉर्कच्या हेल्थ डिपार्टमेंटने २०११-१२ मध्ये भारतीय औषधं घेणाऱ्या सहा गरोदर बायकांत शिशाची विषबाधा नोंदवली होती. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून हळकुंडांवर लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग चोळतात हे बांगलादेशात उघड झालं, तिथल्या सरकारने २०१९ मध्ये छापे घातले आणि दोन वर्षांत ते जवळजवळ थांबलं. भारतातूनही असे नमुने सापडले आहेत. तेव्हा सुटी, फार चमकदार हळद आणू नका, सासूबाईंनी दिली असली तरी.

पितळी पातेली आणि जुन्या ॲल्युमिनियमच्या कढया, कुकर यांचंही तेच. ॲल्युमिनियमच्या आयात भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं असा इशारा केंद्राच्या अन्न-औषध खात्याने (एफडीए) २०२५ मध्ये दिला. स्टीलची आणा. आणि भारतात उन्हाळा घालवून परतलात की पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना तसं सांगा, एक आणि दोन वर्षांच्या वेळच्या तपासण्या झाल्या असल्या तरी पुन्हा एकदा रक्त बघायला सांगा.