टीव्हीची छत्री बघून अंतराळातल्या विजेचा हिशोब कसा मांडायचा

रत्नागिरीकडे जून-जुलैत आभाळ भरून आलं की छपरावरच्या सोलरची वीज एकदम उतरते, आणि मग कोणीतरी विचारतंच, ते अंतराळात पॅनेल लावून वीज खाली आणतात ते खरं का? पीटर ग्लेझर ह्या अमेरिकन अभियंत्याने 1968 मध्ये मांडलेली कल्पना आहे, 2023 मध्ये कॅलटेक ह्या अमेरिकन विद्यापीठाच्या यानातून कणभर ऊर्जा खाली पोचलीसुद्धा. हिशोब घरीच करता येतो.

आधी अंतराळातल्या वीजकेंद्राची जागा शोधा. खळ्यात उभे राहा, हात लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. बरोब्बर डोक्यावरून दक्षिणेकडे दोन मुठी उतरा. आपल्या रेखांशावरचं केंद्र तिथेच दिसलं असतं, विषुववृत्तावर 35,786 किमी उंच, रात्रंदिवस एकाच जागी. टीव्हीची छत्री बघते तो उपग्रहही ह्याच पट्ट्यातला, फक्त जरा पूर्वेला. वर ऊन चौरस मीटरला 1361 वॅट, ढग नाहीतच, रात्र म्हणाल तर मार्च-सप्टेंबरच्या आसपास पृथ्वीची सावली पडते तेवढीच, तीही दिवसाला फार तर 72 मिनिटं.

आता पाऊस. जोराची सर आली की छत्रीचं चित्र जातं, कारण तिला येणाऱ्या रेडिओलहरीची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. वीज खाली लहरींच्या झोतानेच पाठवायची, पण त्याला 12 सेंटीमीटरची लहर धरतात, मायक्रोवेव्ह ओव्हनमधलीच, तिला पाऊस फारसा अडवत नाही. कोकणासाठी मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

मग मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा. अंतर मीटरमध्ये, 3,57,86,000, गुणिले लहरीची लांबी 0.122, भागिले वरच्या अँटेनाची रुंदी, 1000 मीटर धरा, आणि शेवटी गुणिले 2.44. येतात साधारण 10,650 मीटर, म्हणजे झोत खाली पडतो ते साडेदहा किलोमीटर रुंदीचं वर्तुळ! अँटेना अर्धा केलात तर वर्तुळ दुप्पट होतं, त्यामुळे "छोटं केंद्र बसवू" म्हणणाऱ्याला आधी अँटेना केवढा ते विचारा. भाजायची भीती नको, 1970 च्या दशकातल्या अमेरिकन आराखड्यात झोताच्या मधोमध चौरस मीटरला 230 वॅट होते, दुपारच्या उन्हाच्या पावपट.

शेवटचं काम पायी करायचं. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जा आणि तेवढा सलग सपाट कातळ मिळतो का बघा. खाली अँटेनांची जाळी असते, ऊन-पाऊस त्यातून खाली जातो पण खांब रोवावेच लागतात, म्हणून वाटेत कातळशिल्पं लागतील ती नकाशावर आधी खुणा करून ठेवा, तिथे एकही खांब नको.