मोकळा रिसीव्हर निवडताना

मार्चमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधले खेळाडूंचे करार संपून गडी मोकळे झाले की जळगावात चहावर आमचा वाद पेटतो: कोणता वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत पास झेलणारा गडी, घ्यायचा? भो, त्याने पास झेलून काढलेले यार्ड नंतर मोज. सामना पुन्हा लाव आणि चेंडू दुसरीकडे गेला तरी नजर रिसीव्हरवरच ठेव. वळण्याआधी त्याचे खांदे वर आले, की कॉर्नरबॅकला, म्हणजे त्याला अडवणाऱ्या समोरच्या गड्याला, वळण कळलंच. खांदे खालीच राहिले, तर गडी कामाचा.

दुखापत दिसली म्हणून लगेच फुली मारू नको. रिसीव्हर स्टेफॉन डिग्जचा गुडघा २०२४मध्ये गेला, तरी २०२५मध्ये पॅट्रियट्स संघाकडून त्याने हजारावर यार्ड काढले.

करारातल्या पैशात हमीची रक्कम तेवढी बघ. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा गडी, झटपट, आखूड फेकणारा असेल, तर स्लॉटमध्ये, म्हणजे कडेच्या रिसीव्हरच्या आतल्या जागेवर, खेळलेला गडी आधी उचल.