फिश टँकची ट्यूब लागंना झालीय? पट्टी बदलायच्या आधी हे बघा

पावसाळा लागला की कोल्हापुरात टँकवाल्यांची ही तक्रार ठरलेली, ट्यूब लागत नाही नाहीतर नुसती लुकलुकतीय, आणि दुकानात विचारलं की सरळ उत्तर मिळतंय, चोक गेलाय, नवी पट्टी घ्या. चोक एवढ्या सहजासहजी जात नसतोय. टँकवरच्या पट्टीला खरा त्रास असतोय तो खालनं येणाऱ्या वाफेचा, त्यात जुलै-ऑगस्टची हवा, मग पिना, होल्डर, स्टार्टरची सीट सगळं गंजतंय. म्हणून फुकटातलं आधी बघायचं आणि खर्चाचं शेवटी.

पहिलं काम, प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, काही घरात स्विच न्यूट्रलवर बसवलेला असतोय आणि बटण बंद असलं तरी पट्टीत फेज येतच राहतोय. पट्टी टँकवरनं उचलून कोरड्या टेबलावर घ्या आणि तिथंच काम करा, पाण्यावर धरून अजिबात नको. हात कोरडे, पायात चप्पल. या गडबडीत फिल्टरचा प्लग निघाला असेल तर तो परत लावा, माशांना लाईट नसली तरी चालतंय पण हवा लागते. आणि हो, त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा, कारण लय वेळा एक्स्टेन्शन बोर्डच मेलेला असतोय आणि आपण पट्टी खोलून बसतोय.

आता पट्टी कुठल्या जातीची ते बघा. बाजूला छोटा गोल डबीसारखा स्टार्टर असला आणि पट्टी हाताला जड लागली तर आत तांब्याचा चोक आहे. स्टार्टर नाही, पट्टी हलकी, बटण दाबलं की ट्यूब लगेच लागायची, तर इलेक्ट्रॉनिक चोक. बारीक टी-फाइव्ह ट्यूब असली तर बहुतेक इलेक्ट्रॉनिकच.

दोन्हीत सुरुवात एकच. ट्यूब फिरवून काढा, चारी पिना बघा. पांढरा नाहीतर हिरवट थर दिसला तर बारीक पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा, होल्डरमधल्या पितळी पट्ट्या जुन्या कोरड्या टूथब्रशनं साफ करा, सैल झाल्या असल्या तर बारीक स्क्रू ड्रायव्हरनं जरा पुढं ओढा. होल्डर जळून तपकिरी झाला असेल तर त्याच्यावर वेळ घालवू नका, नवीन टाका, स्वस्त असतोय. रबरी टोपीवाला होल्डर असला तर रबर चिरलंय का तेही बघा, वाफ तिथनंच आत जातीय. एवढं करून ट्यूब परत बसवली की बऱ्याच पट्ट्या इथंच लागतात.

नाही लागली तर लक्षणं बघा. दोन्ही टोकं नारिंगी पेटलीत आणि मधली ट्यूब अंधारीच, तर स्टार्टर आत चिकटलाय. स्टार्टरचं काम एवढंच, आधी टोकाच्या फिलामेंटमधनं करंट जाऊ द्यायचा, मग पटकन तोडायचा, तोडला की चोक मोठ्या व्होल्टेजचा झटका देतोय आणि ट्यूब पेटते. चिकटला म्हणजे तोडतच नाही. नवीन स्टार्टर दहा-वीस रुपयांत लक्ष्मीपुरीत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतोय, पण नंबर बघून घ्या. एका चोकवर एकच ट्यूब असेल तर एस-टेन चालतोय. एकाच चोकवर दोन फुटी दोन ट्यूब एकामागं एक जोडल्या असतील तर एस-टू लागतोय, तिथं एस-टेन लावून ट्यूब लागत नाही म्हणून डोकं धरून बसू नका.

सारखी लुकलुकतीय आणि टोकं काळी पडलीत, तर ट्यूबच म्हातारी झालीय. मल्टीमीटर असला तर एका टोकाच्या दोन पिनांमध्ये तपासा, थोडे ओहम दाखवले पाहिजेत, काहीच नाही दाखवलं तर फिलामेंट तुटलंय. मल्टीमीटर नसला तर घरातली त्याच मापाची, त्याच वॅटची चालू ट्यूब लावून बघा, दोन फुटी जाड ट्यूब म्हणजे साधारण 18 वॅट, चार फुटी म्हणजे 36. नवीन ट्यूबमध्ये उजेड सापासारखा वळवळत असला तर घाबरू नका, काही तास चालली की बसतंय. फक्त संध्याकाळीच लुकलुकत असेल तर व्होल्टेज कमी आहे, पट्टीत काही बिघाड नाही.

ट्यूब चांगली, स्टार्टर नवा, होल्डर साफ, तरी मुकाट, तर आता चोक. जळका वास, वितळलेलं डांबर नाहीतर दोन टोकांत लावल्यावर मीटर काहीच ओहम दाखवत नसेल, म्हणजे आतली तार तुटलेली, तर गेला. नुसता गुणगुणत असेल तर गेला नाही, पत्र्याचे स्क्रू आवळून बघा. नवा घेताना ट्यूबचाच वॅट बघून घ्या. इलेक्ट्रॉनिक चोक उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, प्लग काढल्यावरसुद्धा त्यातला कपॅसिटर झटका देऊ शकतोय, आख्खाच बदला.

बोर्डावरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच, पडत असेल किंवा पाण्यात बोट घातल्यावर मुंग्या येत असतील तर वरचं सगळं विसरा. टँकचे सगळे प्लग काढा, हीटरसकट, आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. 30 मिलीअँपचा ईएलसीबी नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या, पाण्याशेजारी 230 व्होल्ट ठेवतोय आपण.

पट्टी परत ठेवताना खाली काचेचं झाकण असू द्या, आणि वायर सॉकेटच्या खाली थोडी लोंबू द्या म्हणजे वायरवरनं ओघळलेलं पाणी प्लगात न जाता खाली जमिनीवर पडतंय.

चोकच गेला असेल तर माझं मत, आता एलईडी करा. पाऱ्याचा वापर कमी करायच्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा कराराच्या 2023 च्या परिषदेत पाऱ्याच्या या ट्यूबचं उत्पादन 2027 पर्यंत बंद करायचं ठरलंय, तेव्हा जुन्या पट्टीवर पैसे घालून उपयोग नाही. फक्त एलईडी ट्यूब लावताना तिच्या डब्यावरची वायरिंग बघा, काहींना चोक काढून सरळ सप्लाय लागतोय, काहींना सोबत आलेला डमी स्टार्टर, आणि चुकीचं जोडलं तर नवी ट्यूब तिथंच जाते. झाडं असतील तर लाईटशिवाय दोन-चार दिवस सहज निघतात, घाई करू नका. जुनी ट्यूब फोडू नका, कचऱ्याच्या डब्यात उभी खुपसू नका, आत पारा असतोय, जुन्या डब्यात घालून ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. हातातनं फुटलीच तर खिडक्या उघडा, लहान पोरांना बाहेर काढा, झाडू न मारता पुठ्ठ्यानं गोळा करून वरनं ओला कागद फिरवा.