आंब्याच्या पानांवरच्या गाठीतली माशी बघायची कशी

खानापूरकडे आंब्याच्या पानांवर बारीक फोड दिसले की आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, "झाडाला देवी आल्यात." दुकानदार लगेच फवारणीची बाटली काढतो. पण हे फोड म्हणजे माशीच्या अळीमुळे झालेल्या गाठी, अळी गाठीच्या आत बंद असते, वरून फवारून तिला काय होणार? आधी आत कोण आहे ते बघा.

बहुधा ती प्रोकॉन्टारिनिया मॅटियाना असते. १९०६ साली नाव मिळालेली ही मिजमाशी, म्हणजे चिलटासारखी बारीक माशी, कोवळ्या पालवीतच अंडी घालते. करंजाच्या पानांवरचे फोड यात धरू नका, ते सूक्ष्म कोळ्यांचे काम.

भोक न पडलेल्या गाठींची डहाळी तोडा.

आता ब्लेड. दोन-चार गाठी आडव्या कापा. मऊ पिवळसर अळी दिसली तर डहाळी कच्ची, आठवड्याने दुसरी आणा. आत तपकिरी कोश असेल आणि भिंगातून पंखांची खूण दिसत असेल, तरच पुढे जा.

मी दोन वर्षं इथंच फसलो. कुणीतरी सांगितलं, पानं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेव. चौथ्या दिवशी सगळ्यावर बुरशी. मग उघड्या ताटात ठेवली, तर पानं पापडासारखी वाळली आणि माश्या आतच मेल्या. पान जिवंत राहिलं तरच माशी बाहेर येते. म्हणून सुटी पानं तोडूच नका. डहाळीचा देठ पाण्याच्या बाटलीत घाला, बाटलीचं तोंड कापसानं बंद करा (नाहीतर माश्या पाण्यात बुडतात), वर मोठी बरणी पालथी घाला आणि बुडाशी हवेला फट ठेवून ती जुन्या धोतराच्या फडक्यानं झाका. ऊन नको. पाणी रोज बदला.

सकाळी बघा. गाठीच्या भोकात कोशाचं पांढुरकं सालपट अर्धवट अडकलेलं दिसलं की माशी निघाली.

पण बरणीतलं प्रत्येक चिलट गुन्हेगार नसतं. दोनच पंख, लांब पाय आणि मण्यांच्या माळेसारख्या मिशा, ती मिजमाशी. चार पंख, कोपरात वाकलेल्या मिशा, अंगावर हिरवी चमक, ती गांधीलमाशीच्या गोतातली. आतल्या अळीला खाऊन बाहेर आलेली. पहिल्या वर्षी मी अशा डझनभर मारल्या, अजून हळहळ वाटते. आता बरणी त्याच झाडाखाली नेऊन चमकणाऱ्या तेवढ्या सोडतो.