पोटावरची पिशवी आणि भलतीकडे गेलेलं लक्ष: कोलोस्टॉमीनंतर या चुका टाळा

धोंड्याच्या महिन्यात जावयाचीही होत नसेल एवढी बडदास्त मी पहिल्या महिन्यात माझ्या स्टोमाची, म्हणजे ऑपरेशननं पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाची, ठेवली. कोमट पाणी, धुवून मऊ झालेलं धोतराचं फडकं, जपून जपून टिपणं, वरून बोटभर खोबरेल. तो लालबुंद गोळा मजेत होता. त्याच्या भोवतालची कातडी मात्र सोलवटून निघाली. कातडी ओली म्हणून पिशवी धरून ठेवणारी चिकट चकती चिकटेना, चिकटली तर चार तासांत गळायची, आणि गळालेला मळ कातडीला आणखी सोलायचा. तिसऱ्या आठवड्यात मी पोटावर पंचा गुंडाळून बसलो होतो आणि बायको म्हणत होती, "आवं, असं किती दिस चालायचं?"

माझं ऑपरेशन गुदाशयाच्या कॅन्सरचं. मोठ्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढलं आहे, संडास तिथून पिशवीत येते. यालाच कोलोस्टॉमी म्हणतात. सुट्टी मिळाली त्या दिवशी सिस्टरनं दहा मिनिटांत सगळं समजावून सांगितलं. मी अर्धवट गुंगीत मान हलवत होतो आणि पुतण्या बिलाच्या खिडकीवर होता. म्हणून पहिला सल्ला हाच: घरी जायच्या आधी दवाखान्यातच निदान दोनदा पिशवी आपल्या हातानं बदलून बघा, आणि घरातलं एक माणूस शेजारी उभं करा.

मूळ घोटाळा

स्टोमा म्हणजे आतड्याचं आतलं अस्तर उलटून बाहेर आलेलं. तो गालाच्या आतल्या भागासारखा लाल आणि ओलसर असतो, असायलाच हवा. त्याला वेदना कळवणारे मज्जातंतू नसतात, त्यामुळे हात लागला तरी दुखत नाही. पुसताना थेंबभर रक्त दिसलं तर दात घासताना हिरड्यांतून येतं तसंच ते, थोडं दाबून धरलं की थांबतं. गडी चिवट आहे. पण दुखत नाही म्हणजे काही होत नाही असंही नाही: चकतीची धार घासून त्याला जखम झाली तरी तुम्हाला कळणार नाही, म्हणून पिशवी बदलताना डोळ्यांनी बघून घ्यायचं.

नाजूक आहे ती भोवतालची चार बोटं कातडी. तिला मळाची सवय नाही. गळती, जळजळ, वास, रात्रीची झोपमोड, यातलं बहुतेक सगळं या कातडीपासून सुरू होतं. आपण मात्र तिच्याकडे बघतही नाही, कारण नजर त्या लाल गोळ्यावरच खिळलेली असते.

भोक किती मोठं कापायचं?

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढचे सहा ते आठ आठवडे तो हळूहळू आक्रसतो. दवाखान्यात सिस्टरनं ४५ मिलीमीटरचं भोक कापून दिलं होतं. पुतण्यानं तेच माप प्रमाण मानून दीड महिना इमानेइतबारे चकत्या कापल्या. शेवटी मापाची पट्टी लावली तेव्हा स्टोमा ३२ भरला. म्हणजे सगळ्या बाजूंनी सहा-साडेसहा मिलीमीटर कातडी उघडी, आणि दिवसरात्र मळ तिच्यावर. मग खोबरेल लावून काय होणार?

भोक स्टोमापेक्षा २-३ मिलीमीटरच मोठं हवं. मापाची जाड पट्टी बहुतेक वेळा पिशव्यांच्या डब्यातच असते आणि बहुतेक घरांत ती न उघडता फेकली जाते. पहिले दोन महिने दर आठवड्याला मापून बघा. स्टोमा लंबगोल असेल तर गोल भोक उपयोगाचं नाही, वहीच्या पुठ्ठ्यावर त्याच्या आकाराचा नमुना कापून ठेवा आणि चकतीवर तोच ठेवून पेननं आखा. उलट टोकाची चूकही होते. गळती नको म्हणून काही जण अगदी घट्ट भोक कापतात, आणि मग ती धार स्टोमाच्या कडेला काचते.

याच काळात स्वस्त मिळतात म्हणून तीन महिन्यांच्या पिशव्या एकदम भरू नका. भोक आधीच कापलेल्या तर नकोच. माझ्या कपाटात तसा एक डबा अजून पडून आहे.

काय लावायचं? जवळजवळ काहीच नाही

आपल्याकडे माणूस आजारी पडला की येणारा प्रत्येक पाहुणा एक औषध सांगून जातो. मला खोबरेल झालं, हळद झाली, एकानं तुरटीचं पाणी सांगितलं, एकानं डेटॉल. तेल आणि मलम असलं की चकती चिकटत नाही. डेटॉल आणि स्पिरिट कातडी जाळतात. अंगाला लावायच्या सुवासिक पावडरीनं चकतीखाली थर बसतो आणि पकड सुटते. साधं कोमट पाणी पुरे. साबण लावायचाच तर बिनतेलाचा, बिनवासाचा, आणि तो पूर्ण निघेपर्यंत धुवायचा.

त्यानंतरचं काम खरं महत्त्वाचं: कातडी कोरडी करणं. घासून नाही, टिपून. मी टिपल्यावर दोन-चार मिनिटं पंख्याखाली बसतो. लाइट गेलेली असेल तर पुठ्ठ्यानं वारा घेतो. चकती लावली की वर तळहात ठेवून काही मिनिटं दाबून धरायचं, अंगाच्या उबेनं तिचा चीक धरतो. लावली आणि लगेच उठून कामाला लागलं की कड सुटलीच म्हणून समजा. पोटावर दाट केस असतील तर कात्रीनं बारीक करून घ्या, नाहीतर चकती काढताना केसांसकट कातडी ओढली जाते.

काढतानाही घाई नको. जखमेची पट्टी ओढतात तशी एका झटक्यात ओढू नका. एका हातानं कातडी दाबून धरायची, वरच्या कडेपासून थोडं थोडं सोडवत खाली यायचं, लागेल तिथं ओलं फडकं लावायचं. सकाळी काही खायच्या आधी हे काम उरकलं तर आतडं शांत असतं. नाहीतर चकती हातात आणि खाली धार, असा प्रसंग येतो. माझ्यावर दोनदा आला आहे.

कातडी ओली-लाल झालीच असेल तर स्टोमाची खास पावडर मिळते. ती तेवढ्याच भागावर भुरभुरवायची आणि जास्तीची झटकून टाकायची. उन्हाळ्यात लालीच्या कडेला बारीक बारीक पुटकुळ्या उठल्या आणि खाज सुटली तर ती बहुधा बुरशी असते. त्याला डॉक्टरांकडूनच बुरशीची पावडर लिहून घ्या. मलम दिलं तर "यावर चकती चिकटेल का?" हे तिथंच विचारा.

"आजचा दिवस काढू"

चकतीखाली चुणचुणायला लागलं म्हणजे मळ आत शिरला. दिसत नसला तरी शिरला. इथं आपण काय करतो? कडेनं चिकटपट्टी मारतो. पिशवी महाग आहे, परवाच बदलली आहे, आजचा दिवस काढू. मीही मारली आहे. त्या एका दिवसाची भरपाई पुढचे दहा दिवस सोललेली कातडी करून घेते, आणि त्यात चार पिशव्या जास्तीच्या जातात. गळाली की लगेच बदला. गळत नसेल तर उगाच रोजही बदलू नका, रोज ओढूनही कातडी सोलते. साधारण तीन ते पाच दिवस एक चकती टिकावी.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२च्या वर जातो तेव्हा हे गणित बिघडतं. घामानं चीक पातळ होतो, तेव्हा एक दिवस आधी बदला. पिशव्यांचा डबा गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या माळवदावर ठेवू नका. फ्रीजमध्येही नको. माठाच्या कोपऱ्यातली थंड जागा उत्तम.

आणि पाणी. काही जण पिशवी आतून बाहेरून धुण्यात बादली रिकामी करतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या लातूरच्या मुलखात ही चैन परवडायची नाही, आणि गरजही नाही. आत मळच येणार आहे, ती चकचकीत कशाला? खालचं तोंड आतून-बाहेरून कागदानं नीट पुसलं की वास येत नाही. वास येतो तो बहुतेक वेळा त्या तोंडाला राहिलेल्या मळाचा.

पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करायची. पूर्ण भरू दिली तर वजनानं चकती खाली ओढली जाते. दवाखान्यात कमोडवर बसून दाखवतात, घरी असतो भारतीय संडास. मी तिथं एक बुटकं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं आहे. त्यावर बसून पिशवीचं तोंड भांड्यावर धरतो, आधी कागदाचा तुकडा टाकतो, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. वापरलेली पिशवी संडासात टाकू नका, तुंबतो. रिकामी करून, कागदात गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये बांधून घंटागाडीत द्या. उकिरड्यावर उघडी टाकलीत तर कुत्री ती गावभर फिरवतील.

फुगलेली पिशवी

हवेनं पिशवी फुगली म्हणून सुईनं टोचा मारणारे मला भेटले आहेत. हवा जाते, पण वास दिवसभर तुमच्या पुढेमागे चालतो. खालचं तोंड उघडून हवा सोडा किंवा गाळणी असलेली पिशवी घ्या. वास मारायला आत अ‍ॅस्पिरिनची गोळी टाकायचा एक जुना उपाय कुठून कुठून ऐकायला मिळतो. तो अजिबात नको, त्यानं स्टोमाला व्रण पडतात.

गॅस नको म्हणून उपाशी राहणं ही तर आपली आवडती चूक. लग्नाला जायचं, मग सकाळपासून काही खाल्लं नाही. रिकाम्या आतड्यात हवा जास्तच होते. एकादशीला मी आता थोडं थोडं चार वेळा खातो.

खाण्यात कायमचं बंद असं फारसं काही नाही. पहिले काही आठवडे मऊ भात-वरण, मग भाकरी कुस्करून, मग नेहमीसारखी. एका वेळी एकच नवा पदार्थ घ्या, म्हणजे कशानं काय झालं ते कळतं. हुलगे, हरभरा, कोबी, कच्चा कांदा यांनी हवा वाढते. अंडी, मासे, लसूण यांनी वास. ताक-दह्यानं वास कमी होतो असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे, माझाही. हुरडा मी सोडलेला नाही, फक्त आता गप्पा मारत मूठमूठ तोंडात टाकत नाही, चावून खातो. बद्धकोष्ठ कोलोस्टॉमीतही होतं, विशेषतः वेदनेच्या जड गोळ्या चालू असताना. तेव्हा पाणी वाढवा आणि मनानं जुलाबाचं औषध घेऊ नका.

एक खबरदारी. हे सगळं मोठ्या आतड्याच्या, डाव्या बाजूच्या स्टोमाचं. ज्यांचं लहान आतडं बाहेर काढलं आहे, म्हणजे इलिओस्टॉमी, त्यांचा मळ पातळ असतो, अंगातलं पाणी आणि मीठ झपाट्यानं जातं, आणि चोथा अडकूही शकतो. त्यांनी माझ्या हुरड्याच्या नादी लागू नये.

घागर, नाडी आणि न आलेली संडास

पहिले सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही, आणि पुढेही डॉक्टरांना विचारूनच. टँकर आला की घरातल्या बाईला हे पाळणं किती अवघड असतं ते मला कळतं, तरीही घागर दुसऱ्यानं उचलावी. स्टोमाशेजारी पोटाचा स्नायू कमजोर झालेला असतो, तिथून हर्निया बाहेर येतो. खोकताना-शिंकताना तळहातानं तिथं आधार द्या. परकराची किंवा पायजम्याची नाडी नेमकी स्टोमावर आली तर मळ खाली उतरत नाही आणि चकतीखाली शिरतो. नाडी त्याच्या वर किंवा खाली बांधा.

कधी कधी खालूनच संडासला लागल्यासारखं वाटतं. गुदद्वार शिवून टाकलेलं असलं तरी वाटतं. मला वाटलं, डोकं फिरलं. पण ते जुन्या नसांचं स्मरण असतं. आणि ज्यांचं गुदाशय जागेवर ठेवलं आहे त्यांना खालून पांढरट चिकट स्राव येऊ शकतो. दोन्हींत घाबरण्यासारखं नाही. कुंथू मात्र नका.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना: स्टोमा निळा-जांभळा किंवा काळा पडणं, मळ आणि हवा दोन्ही बंद होऊन पोट फुगणं, कळा, उलट्या, आतून न थांबणारं रक्त, स्टोमा एकदम लांब बाहेर येणं किंवा आत ओढला जाणं. यात "उद्याच्या गाडीनं जाऊ" नाही. छत्रपती संभाजीनगरचं घाटी हॉस्पिटल असो, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज असो, जवळचं गाठा आणि सर्जनला दाखवा.

घरात कोंडून घेणं

ही चूक मी आठ महिने केली. चिकटणारी पिशवी निघाली तीच मुळी अशा कोंडून घेण्यातून. डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सेन या नर्सची बहीण ऑपरेशननंतर लोकांत जायला घाबरत होती. तिच्यासाठी १९५४ साली एलिसेनं ही कल्पना काढली. म्हणजे ही वस्तू जन्माला आली ती बाहेर पडण्यासाठी, आणि मी ती लावून ओसरीवर बसलो होतो.

मला बाहेर काढलं ते घरातल्या सत्यनारायणानं. मी पूजेला बसायला नको म्हणत होतो, आत्यालाही शंका होती. "देवाला चालतं का रे असलं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "आत्या, ते समद्यांच्याच पोटात हाय. माझं पिशवीत बंद हाय, एवढंच." ती हसली आणि कलश माझ्यासमोर सरकवला.

आता मी सगळीकडे जातो. शबनममध्ये दोन आधीच कापलेल्या चकत्या, पिशव्या, जुना पेपर, पाण्याची छोटी बाटली, दोन कॅरीबॅग आणि एक सदरा असतो. ती शबनम वरच्या फळीवर ठेवत नाही, मांडीवरच असते. एसटीत मी डावीकडच्या खिडकीत रुमाल टाकतो. स्टोमा खिडकीच्या बाजूला राहतो, आणि बाजाराच्या दिवशी उभ्या गर्दीचे कोपर आणि पिशव्या काय लागायच्या त्या उजव्या खांद्याला लागतात.